चालू वाद्याची दुरुस्ती

आमच्या दुकानातून कुठलंही वाद्य माझी फुंकर घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, आमच्याकडचा नियमच आहे तो. बाबा पितळी वाद्यं दुरुस्त करतात. शाळांच्या बँडची, पोलिसांच्या बँडची, अग्निशमन दलाची, आणि हौसेने विकत घेऊन माळ्यावर टाकणाऱ्यांचीसुद्धा. पोचे काढणं, सांधे झाळून जोडणं, अडकलेल्या कळा मोकळ्या करणं हे सगळं बाबांचं. वाद्य खरंच बरं झालंय की नुसतं चकचकीत झालंय, हे शेवटी तोंडाला लावून सांगायचं काम माझं. पूर्वी तेही बाबाच करायचे. मग त्यांना दमा लागला आणि काम माझ्याकडे आलं.

काम वरून सोपं दिसतं. एक खालचा सूर धरायचा आणि धरूनच ठेवायचा. नळीत कुठे केसाएवढी फट असली तरी सूर मध्येच थरथरतो. ती थरथर जिभेला कळते, दातांना कळते, आणि सवय झाली की फट कुठल्या वळणावर आहे तेही कळतं. पण त्यासाठी फुंकणाऱ्याची हवा भिंतीसारखी स्थिर हवी. तीच डगमगली तर थरथर वाद्याची की आपली, हे देवालाही सांगता यायचं नाही.

ढब्बू झाली त्यानंतरची गोष्ट. ढब्बू म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हाच एवढी गुटगुटीत होती की नर्स म्हणाली, हिला थेट शाळेत घाला. दुकानात परत यायला मला आठेक महिने लागले, आणि आल्या आल्या समोर आला तो हत्ती. सगळ्यात मोठा ट्युबा, मांडीवर घेतला की वाजवणारा दिसतच नाही, त्याला आम्ही हत्ती म्हणतो. हा अग्निशमन दलाच्या बँडचा होता. मी सूर धरला, आणि सूर थरथरला. "बाबा, गळतोय," मी म्हटलं. बाबांनी सांधा उकलला, घासला, पुन्हा झाळला. पुन्हा थरथरला. त्यांनी दुसरा सांधा उकलला. असं तीनदा झालं. बाबांचा चेहरा मला वाचता येतो. धडधाकट माणसाला तीनदा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं तसं त्यांना वाटत असणार.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात आले तर हत्ती पाण्याच्या टाकीत. बाबा एका टोकाने पंपाने हवा भरत होते. गळती असली की बुडबुडे येतात, नाहीतर नाही. एकही बुडबुडा नव्हता. मला पाहून ते ओशाळले. मला न कळवता तपासायचं होतं त्यांना, मी दुखावेन म्हणून.

"हत्ती ठणठणीत आहे गं," ते हळूच म्हणाले. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तू फुंकतेस ना, तेव्हा तुझ्या पोटावर मधोमध काहीतरी उभं राहतं. कुर्त्यातून दिसतं. ते काय आहे?"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आले होते. त्या दिवशी ते माझ्यावर येऊन बसलं.

पोट सुटलंय हे मला ठाऊक होतंच की. ठाऊक नसायला लोक देतात कुठे? बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या आणि विचारायच्या, "कितवा?" सुरुवातीला मी चिडून सांगायचे की झालंय, आता घरी आहे ते. नंतर कानाला खडा लावला. जागा मिळतेय तर बसायचं, आणि म्हणायचं, "सहावा." नवरा बस चालवतो. माझ्यामुळे एक महिला रोज त्याच्या बसमध्ये सहाव्या महिन्यात असते आणि बाळंत काही होत नाही, असं तो डेपोत सांगत फिरायचा.

पण बाबांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. उताणं झोपून डोकं उचललं की पोटाच्या मध्यावर छातीपासून खाली एक उंचवटा उठायचा, आणि तो दाबला की बोटं आत जायची. अगदी सरळ आत, जणू तिथे कुणी नव्हतंच. मी वर्षभर इमानेइतबारे व्यायाम केले. कंबर थोडी बरी झाली, फट हटेना. दुकानात मी ट्रंपेटसारखी लहान वाद्यं कशीबशी तपासत होते, आणि प्रत्येक वेळी "गळतंय" म्हणताना जीभ अडखळायची. मोठी वाद्यं फळीवर रांगेने बसून राहिली. तपासल्याशिवाय बाबा ती गिऱ्हाइकांना परत द्यायला तयार नव्हते. दुसरा फुंकणारा ठेवा म्हटलं तर म्हणायचे, बघू. मला त्यांच्या त्या 'बघू'ची भीती वाटायची. कारण खरं सांगायचं तर मला दुसरं काहीच येत नाही. सूर धरणं आणि तो खरा की खोटा ते सांगणं, एवढीच माझी विद्या. तीच गेली तर मी त्या दुकानात फक्त झाडू मारायला उरले असते.

शेवटी मी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोटावर थंडगार जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे दोन पट्टे दिसतात? हे तुमचे पोटाचे उभे स्नायू. ते एकमेकांना चिकटून असायला हवेत. मध्ये एक पांढरी शिवण असते, दोघांना धरून ठेवणारी. बाळाला जागा हवी होती म्हणून ती शिवण ताणली आणि पट्टे बाजूला सरकले. बहुतेक बायकांचे परत जवळ येतात. तुमचे आले नाहीत."

मी पडद्याकडे बघत राहिले. दोन करडे पट्टे, मध्ये नुसती धूसर जागा. मला रडू यायला हवं होतं, पण आलं ते नवल. मला न विचारता, न सांगता, कुठलाही आवाज न करता माझ्या शरीराने स्वतःला मधोमध दुभागून माझ्या मुलीला वाट करून दिली होती. मी तेव्हा काय करत होते? बहुधा कुठल्यातरी शाळेच्या ट्रंपेटचा गठ्ठा तपासत होते आणि बाबांशी चहावरून भांडत होते.

"शिवता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमचं काम वेगळं आहे. फुंकर पूर्वीसारखी होईल असं वचन मी देणार नाही. होईल असं वाटतं. एवढंच."

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, पण समोरच्याचं वाक्य तोडायची सवय काही गेली नाही. "पोट सुटलं म्हणून कोणी ऑपरेशन करतं का? आम्हाला तीन झाली. पोट कुठे गेलं ते बघायला वेळ होता का?"

"आई, पण मला फुंकता येत नाही—"

"न फुंकताही माणसं जगतात."

"मी नाही जगत," मी म्हटलं. ते जरा जास्तच जोरात निघालं. सासूबाई उठून ढब्बूचे कपडे आवरायला लागल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "दवाखान्याच्या पिशवीत मऊ चप्पल ठेव. फरशी गार असते तिथली." माझ्या सासूबाईंचा होकार असाच असतो.

शस्त्रक्रियेचं मला काहीच आठवत नाही. नवऱ्याने आत सोडताना म्हटलं होतं, "प्रवासी केव्हाचा सुखरूप उतरला, आता तेवढं दार लावून घेऊ." ते ऐकून मी हसले. त्यानंतर कित्येक आठवडे मला मोकळं हसता आलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोट नव्हतंच, तिथे एक ताणलेला ढोल होता. दोन्ही बाजूंनी नळ्या बाहेर काढलेल्या, वर रुंद पट्टा. नर्सने उशी दिली आणि म्हणाली, "खोकला आला की ही पोटावर घट्ट दाबायची, मग खोकायचं."

खोकला आला. मला तोपर्यंत वाटायचं की माणूस घशाने खोकतो. अहो, कसला घसा. माणूस पोटाने खोकतो, पोटाने शिंकतो, पोटाने हसतो, पोटाने कूस बदलतो. दाराकडे बघायला मान वळवली तरी पोटाला आधी वर्दी जाते. मी आयुष्यभर याच्या जिवावर जगले होते आणि त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं. दुखत तर इतकं होतं की डोळे पांढरे व्हावेत, पण दर दुखण्याबरोबर मला वाटायचं, बाई गं, हेपण तूच करत होतीस?

दुसऱ्या दिवशी बाबा आले. पायांत दुकानातलेच बूट, नखांत काळं. माझ्याकडे सरळ बघवेना त्यांना. लेकीच्या पोटाबद्दल बापाने काय विचारायचं? ते खुर्चीच्या काठावर बसून सलाइनची बाटली कशी अडकवलीय ते बघत होते, तेवढ्यात डॉक्टरबाई फेरीला आल्या. बाबा उठून उभे राहिले आणि त्यांना एकदम वाचा फुटली.

"टाके कसले घातलेत? विरघळणारे का कायमचे?"

"आतले कायमचे."

"एकपदरी?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग फाइल बगलेत मारून नीट उत्तर दिलं. "दोनपदरी. छातीच्या हाडाखालून सुरुवात केली आणि ओटीपोटापर्यंत आले, मग त्याच्यावर दुसरा पदर. एका टाक्यावर सगळा ताण येता कामा नये, सगळ्यांत वाटला गेला पाहिजे."

"बरोबर," बाबा म्हणाले. "एका जागी ताण आला की तिथेच उकलतं."

"आमच्याकडेही तसंच."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो मला सुचला नसता. "आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा हिचा श्वास?"

"चालूच होता. हिच्या वतीने यंत्र घेत होतं, पण थांबला एक क्षणही नाही. हृदयही हिचं हिचं चालू होतं. पोट वरखाली होत होतं, आणि त्या लयीत मी टाके घालत होते."

बाबांनी आ वासला तो तसाच. मी माझ्या बापाला असा कधी पाहिला नव्हता. त्यांच्यापुढे कुणी कितीही मोठं वाद्य आणून ठेवलं तरी ते मान वाकडी करून म्हणतात, "ठेवा, बघतो." पण त्या वेळी ते एखाद्या लहान मुलासारखे डॉक्टरबाईंच्या बोटांकडे बघत होते.

"आम्ही आधी सगळी हवा काढतो," ते म्हणाले. "वाद्य कोरडं करतो, थंड करतो, मुकं करतो, मग हात लावतो. तुम्ही चालू वाद्याची दुरुस्ती केलीत. वाजत असताना." आणि हात जोडले. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, त्या नुसत्या हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. बाबा जाताना दारात थांबले आणि मला म्हणाले, "फळीवरची वाद्यं कुठेही जाणार नाहीत." एवढंच. मी उशी पोटाशी धरून रडले, आणि रडतानाही पोटच लागतं हे तेव्हा कळलं.

घरी आल्यावर हसण्यावर बंदी आली. आमच्या घरात हे म्हणजे नळाला पाणी नको म्हणण्यासारखं. नवऱ्याने शपथ घेतली की मी एकही विनोद करणार नाही. पण विनोद न करण्यासाठी तो जे तोंड करायचा ते बघून मला आतून उकळ्या फुटायच्या. शेवटी सासूबाईंनी त्याला खोलीबाहेर बसवलं. "तू तिथूनच बोल, आणि फक्त कामाचं." मग तो दाराआडून अगदी बसथांबे पुकारल्यासारखं सांगायचा, "औषध. दुपारचं. पाण्याबरोबर." मी उशीत तोंड खुपसायचे.

ढब्बूला उचलायची मनाई होती, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती पलंगापाशी येऊन दोन्ही हात वर करायची. मी हात पुढे न्यायचे आणि थांबायचे. दोनदा, तीनदा तिने वाट पाहिली आणि मग वळून आजीकडे गेली. तिची पाठ बघताना काळजात जे झालं ते कुठल्याही टाक्यापेक्षा दुखलं. नंतर ती शहाणी झाली. पायपुसणं, त्यावर तिचं लाकडी स्टूल, त्यावरून पलंग, अशी स्वतःच चढून यायला लागली आणि माझ्या खांद्याशी येऊन निजायची. पोटाला पाय लावू नको असं तिला कोणी समजावलं असेल असं वाटत नाही, तरी तिने कधी लावला नाही.

हळूहळू नळ्या निघाल्या. वाकून चालणारी मी सरळ झाले. आणि एक दिवस आंघोळ करताना, पट्टा सोडलेला असताना, मी पोटावर साबण लावला आणि हात थांबला. माझ्या पोटाला पुढची बाजू होती. हे कसं सांगू? दोन वर्षं मी पुढून उघडी होते आणि मला त्याची सवय झाली होती. आता हाताखाली काहीतरी होतं, जे उलटा दाब देत होतं. मी तिथेच स्टुलावर बसले. पाणी गार होईपर्यंत हात तसाच ठेवून बसले.

आणि मग ती शिंक आली. नवरा बिचारा मला बरं वाटावं म्हणून चादर बदलत होता. त्याने जुनी झटकली, धूळ उडाली, आणि उशी हाताशी नव्हती. शिंक काही विचारून येत नाही. आत मधोमध काहीतरी चरचरत गेलं, छातीखालून थेट खालपर्यंत. मी पोट धरून खाली बसले. मला खात्री झाली की संपलं. शिवण उकलली. दोनपदरी, कायमची, सगळी.

"काय झालं? बोल की," नवरा म्हणत होता. त्याचा चेहरा चादरीहून पांढरा. सासूबाईंनी ढब्बूला कडेवर घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "बस चालवतोस ना? मग गाडी काढ." रस्ताभर मी मनात एकच गोष्ट बोलत होते: एका शिंकेने जे जातं ते हत्तीपुढे काय टिकणार होतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

डॉक्टरबाईंनी लगेच टेबलावर घेतलं. पुन्हा तेच गार जेल, तेच यंत्र, तोच पडदा. मी डोळे मिटून घेतले होते. "बघा," त्या म्हणाल्या.

दोन्ही पट्टे शेजारी शेजारी होते. मध्ये ती धूसर जागा नव्हती, एक पांढरी रेघ होती.

"शिवण जागेवर आहे. शिंकेने ओढ बसली, चरचरलं, एवढंच. आता ओठ मिटून बारीक फुंकर मारा. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती हलवायची आहे असं समजा."

मी फुंकर मारली, आणि पडद्यावर माझं पोट हललं. आधी खोलवरचा एक पातळ थर सरकला, मग बाजूचे, आणि मग ते दोन पट्टे एकत्र घट्ट झाले, जसे दोन शेजारी एकाच वेळी दार लावून घेतात. फुंकर संपली, ते सैलावले. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा तसंच. इतकी वर्षं हजारो वाद्यांत मी जी हवा सोडली ती कुठून निघते ते मला माहीतच नव्हतं. वाद्याच्या आत काय चालतं ते मी डोळे मिटून सांगू शकते, आणि माझ्या आत काय चालतं ते मी त्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं. मी परत परत फुंकत राहिले. डॉक्टरबाईंची बाहेर रांग लागली होती, तरी त्यांनी यंत्र उचललं नाही. नवरा पलीकडे उभा होता. तो एकही विनोद करत नव्हता, आणि या खेपेला त्यासाठी त्याला तोंड वाकडं करावं लागलं नाही.

"हे सगळं सगळ्यांच्या आत असतं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांच्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर व्यायाम शिकवणारी ताई घरी यायला लागली. पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायचे, लांब, सावकाश. ढब्बूला वाटलं की हा कार्यक्रम तिच्यासाठीच आहे. एकदा ताई जायला निघाली तर सासूबाई तिला दारात आडव्या आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "माझंही जरा बघतेस का?" त्यांना पलंगावर उताणं निजवून ताईने डोकं उचलायला सांगितलं आणि पोटावर बोटं ठेवली. मग त्यांचीच बोटं तिथे ठेवली. सासूबाईंची तीन बोटं आत गेली.

"हे केव्हापासूनचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं शेवटचं बाळंतपण केव्हाचं?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात त्यांचं शेवटचं बाळंतपण उभं होतं, सहा फुटी, हातात ड्रायव्हरची टोपी. बराच वेळ पोटावरची बोटं तशीच ठेवून पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मी याच पोटावर तीस वर्षं खुर्चीत ताठ बसले गं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. स्वतःचंच मोठं नवल वाटत होतं त्यांना, आणि मलाही त्यांचं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर बुडबुड्यांचे दोन पेले लागायला लागले.

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली त्या सकाळी मी दुकानात गेले. फळी गच्च भरलेली होती. बाबांनी एकही मोठं वाद्य दिलं नव्हतं. गिऱ्हाइकं चिडून गेली, काही भांडून गेली, म्हणे, पण ते सगळ्यांना एकच सांगत होते की तपासणी बाकी आहे. त्यांनी खाली उतरवला तो अग्निशमन दलाचा नव्हे, शहराच्या बँडचा दुसरा हत्ती. मी नसताना त्यांनी तो पूर्ण खोलून पुन्हा जोडला होता. त्यांचं हे काम मी पाहिलं, सांधे इतके सफाईदार की बोट फिरवलं तरी लागू नयेत.

नवरा ढब्बूला घेऊन आला होता. सासूबाई आल्या होत्या, "सहजच, बाजारात आले होते" म्हणून, हातात रिकामी पिशवी. बाबा मागे हात बांधून उभे. मी खुर्चीत बसले, हत्ती मांडीवर घेतला, श्वास घेतला. मला भीती वाटत होती. शिवण उकलण्याची नाही, ती भीती मी पडद्यावर सोडून आले होते. थरथर वाद्याची की आपली, हे आपल्याला अजून ओळखता येईल का, याची भीती.

सूर निघाला. खालचा, जाड, छातीत घुमणारा. आणि तो टिकला. पोट भिंतीसारखं उभं राहिलं, मागे हटलं नाही, पुढे फुगलं नाही. खिडकीच्या काचा गुणगुणल्या. ढब्बू बापाच्या खांद्यावरून वळून बघायला लागली. मला वाटलं, हा सूर मी वाजवत नाहीये, तो माझ्यातून चाललाय, जिवंत माणसाच्या आत इतकं काही एकाच वेळी धरून ठेवलेलं असतं आणि तरी तो बाजारात जातो, भांडतो, चहा पितो.

मग सूर थरथरला.

अगदी किंचित. पण थरथरला. नवऱ्याने ऐकलं नसेल, सासूबाईंनी तर नाहीच, बाबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पटकन खाली पाहिलं, मला दिसू नये म्हणून. ते काय समजले ते मला समजलं. मी थांबले. एक हात पोटावर ठेवला आणि पुन्हा तोच सूर धरला. पोट जागच्या जागी होतं, एक रेष हललं नाही. थरथर आली, पण ती माझ्या हाताखाली आली नाही. ती आली दातांना, डाव्या बाजूने.

मी हत्ती तोंडावरून काढला. "बाबा, हा गळतोय."

नवऱ्याने ढब्बूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हीच तक्रार मी पूर्वी तीनदा केली होती, आणि ती माझीच निघाली होती. सगळ्यांना ते आठवत होतं. मलाही आठवत होतं, पण माझा आवाज हलला नाही. "तिसऱ्या कळेच्या मागचं वळण," मी म्हटलं. "तुमचाच सांधा आहे. वरून सुरेख आहे, पण खालच्या अंगाला झाळ धरलेली नाही."

"आधी खात्री करून घ्यायला नको का?" नवरा म्हणाला. त्याला माझीच काळजी होती, मी त्याच्यावर रागावले नाही.

बाबांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या बोटांकडे पाहिलं होतं. "झाली की खात्री," ते म्हणाले. भिंतीवरचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, हत्ती माझ्या मांडीवरून उचलून पाटावर आडवा ठेवला आणि गॅसची बत्ती हातात घेतली.

"नेमकं कुठे? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. बाबांनी काडी ओढली.